नाव हा शब्द धरू नये

संपादकांचा निरोप आला, की परदेशातल्या नोकरीतले गमतीचे अनुभव लिहून पाठवा. गमतीचे अनुभव माझ्याकडे आहेत आणि ते मी सांगणारही आहे. पण या कामाचा शेवट गमतीचा नाही. तो गाळून उरलेलं लिहिलं, तर जे नोकरीत केलं तेच मी पुन्हा केल्यासारखं होईल. संपादकांना कात्री लावायची असेल तर त्यांनी लावावी, मी लावणार नाही.

मी पुण्यात एका कॉलेजात फ्रेंच शिकवत होते. नवऱ्याला इकडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, मागोमाग मी आले आणि आम्ही हाउन्सलोमध्ये घर केलं. पुण्याच्या फ्रेंचला लंडनमध्ये कोण विचारतो? काही वर्षं मी विमानतळावरच्या दुकानात अत्तरं आणि चॉकलेटं विकली. मग एक जाहिरात दिसली. एका विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाला फ्रेंच येणारी संशोधन सहायक हवी होती, तीही कंत्राटावर, वर्षाच्या बोलीने. मुलाखतीत ज्युडिथने, म्हणजे आमच्या प्रोफेसरबाईंनी, मला एकच गोष्ट विचारली: "तुम्हाला कंटाळवाणं काम जमतं का?" दुकानात पाच वर्षं काढल्याचं सांगितलं. दुसऱ्याच आठवड्यात मी रुजू झाले. ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट.

काम काय होतं ते सांगते, कारण सांगितलं तरी कोणाचा विश्वास बसत नाही. ग्रीक बोलणारे आणि फ्रेंच बोलणारे लोक गाठायचे. त्यांना त्यांच्या भाषेत एकेक भावनेचं नाव ऐकवायचं: आनंद, दुःख, राग, भीती, लाज, अभिमान, मत्सर, किळस, आश्चर्य, प्रेम, पश्चात्ताप, आशा. असे बारा शब्द. शब्द ऐकल्याबरोबर मनात येतील ते जास्तीत जास्त तीन शब्द त्यांनी सांगायचे. आपण घड्याळ लावून बसायचं, लिहून घ्यायचं, मान डोलवायची नाही आणि 'वा' म्हणायचं नाही. मग ऑफिसात येऊन प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या रकान्यात घालायचं. शरीराबद्दलचं असेल तर एक नंबर, हवापाण्याचं असेल तर दोन, रंग असेल तर तीन, नातं असेल तर चार. 'छातीत धडधड' एकमध्ये आणि 'सासू' चारमध्ये. नऊ नंबर म्हणजे कशातच न बसणारं. तेच उत्तर दुसरं माणूस स्वतंत्रपणे रकान्यात घालतं, आणि दोघांचे आकडे जुळले तर काम खरं. ते दुसरं माणूस म्हणजे ज्युडिथ. दोन्ही भाषांची माणसं भावनांकडे वेगवेगळ्या वाटांनी जातात का, हे यातून कळणार होतं.

फ्रेंच माणसं मला साउथ केन्सिंग्टनला भेटत आणि ग्रीक उत्तर लंडनमध्ये, वुड ग्रीनच्या पुढे. दोन्ही भुयारी रेल्वेच्या पिकाडिली लाइनवर आणि मधे आमचं ऑफिस. त्यामुळे प्रवासाचं सोपं होतं. एवढंच सोपं होतं.

फ्रेंच माणसं वेळेवर येत. बहुतेक बँकांतली तरुण मंडळी, ईमेल पाठवला की तासात उत्तर. एक बाई मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाल्या, "काल 'लाज' या शब्दाला मी फारच सामान्य उत्तर दिलं. रात्रभर विचार केला. आता लिहून घ्या." मनात आलेलं पहिलंच उत्तर चालतं, असं मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "पण माझं पहिलं उत्तर माझ्या लायकीचं नव्हतं." एका शेफने बाराही शब्दांना खाण्याचे पदार्थ सांगितले आणि शेवटी विचारलं, की त्याला किती मार्क मिळाले. पण एकंदरीत फ्रेंच उत्तरं सुबक असत. घशातला आवंढा, राखाडी आकाश, गरम कान. रकान्यात टाकताना हात अडत नसे.

ग्रीक माणसं आम्हाला मिळाली ती एका चर्चच्या हॉलमध्ये, गुरुवारी दुपारी जमणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या मंडळात. बहुतेक सायप्रसहून आलेल्या, शिवणकाम करून उतारवयाला लागलेल्या. बँकेतले तिशीचे फ्रेंच एकीकडे आणि सत्तरीच्या शिवणकामवाल्या दुसरीकडे, ही तुलना भाषांची कशी म्हणायची, हा प्रश्न मी ज्युडिथला विचारला होता. ती म्हणाली, "आपल्याला जे मिळतात ते आपण घेतो." मला ग्रीक येत नसे म्हणून एलेनी नावाची विद्यार्थिनी बरोबर असे. ती शब्द वाचायची, उत्तरं इंग्रजी करून लिहायची. मी घड्याळ सांभाळायची.

त्या हॉलमध्ये शास्त्राचे बारा वाजत. एकीला प्रश्न विचारला की चौघी उत्तर देत. "तिला काय विचारतेस, मी सांगते, तिला मत्सर म्हटलं की तिची जाऊच आठवणार." खाल्ल्याशिवाय कोणी बोलू देत नसे. तिळाची बिस्किटं, कॉफी, पुन्हा बिस्किटं. मला हे सगळं ओळखीचं होतं. आमच्या पुण्याच्या घरी मंगळागौरीला याहून निराळं काय चालायचं? मी तिथे सुखात असे, खोटं का सांगू.

अडचण आली ती नावांची. 'आनंद' म्हटलं की बाई म्हणणार 'मारिया'. 'भीती' म्हटलं की 'यॉर्गोस'. फ्रेंच माणूस अनोळखी बाईसमोर घरातलं नाव काढत नसे, या मात्र घडाघडा नावं सांगत. आता मारिया म्हणजे कोण? मुलगी असेल तर चार नंबर. शेजारीण असेल तर? चर्चमधली देवी असेल तर? मी एखादा नंबर लिहायची, ज्युडिथ भलताच. आमचे आकडे जुळेनात आणि ते जुळले नाहीत की सगळं काम मातीमोल. शिवाय नियम असा, की उत्तरपत्रिकेवर कोणाचंही नाव राहता कामा नये, माणूस ओळखू येता कामा नये.

मग मी तोडगा काढला. मीच काढला, हे इथे नोंदवून ठेवते. रकाने भरण्याच्या नियमांची एक पुस्तिका मी लिहीत होते, तिच्यात मी कलम घातलं: नाव हा शब्द धरू नये. नाव आलं की नऊ नंबर टाकावा आणि नाव काळ्या मार्करने खोडावं. एका फटक्यात दोन्ही प्रश्न सुटले. ज्युडिथने वाचलं आणि म्हणाली, "ब्रिलियंट." त्या ऑफिसात मला तोवर कोणी ब्रिलियंट म्हटलं नव्हतं. घरी येऊन मी ह्यांना दोनदा सांगितलं.

माझ्या आईने उभ्या जन्मात वडिलांचं नाव उखाण्यापुरतंच घेतलं. एरवी 'हे' आणि 'अहो'. नाव तोंडातून बाहेर पडणं ही आमच्या घरात केवढी गोष्ट होती, हे मला कोणी शिकवायला नको होतं. त्या घरात वाढलेल्या बाईने हे कलम लिहावं, आणि लिहिताना तिला आई आठवूसुद्धा नये, याला काय म्हणावं? मला ब्रिलियंट व्हायचं होतं.

स्टावरुलाबाई त्या मंडळात होत्या, पण घोळक्यात बसत नसत. एलेनी त्यांना किरिया स्टावरुला म्हणे, म्हणजे आपल्याकडचं 'बाई'. त्यांचा क्रमांक जी-३१, जी म्हणजे ग्रीक. त्या म्हणाल्या, बाकीच्यांसमोर नाही बोलणार. म्हणून आम्ही स्वयंपाकघरात बसलो. एलेनीने पहिला शब्द वाचला, आनंद. बाई म्हणाल्या, "आंद्रेआस." एलेनी थांबली, अजून दोन शब्द सांगता येतील म्हणाली. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. दुःख. "आंद्रेआस." राग. "आंद्रेआस." भीतीला तेच, लाजेला तेच. किळस या शब्दाला त्या थोड्या थांबल्या, माझ्या घड्याळात दोन सेकंद गेले, आणि म्हणाल्या, "आंद्रेआस." आवाज चढला नाही की उतरला नाही. बाराव्या शब्दापर्यंत हेच. त्या दुपारी दुभाष्याशिवाय मला कळलेला तो एकच शब्द.

नंतर कॉफीचे पेले विसळताना त्या माझ्याशी मोडक्या इंग्रजीत बोलल्या. आंद्रेआस त्यांचा मुलगा. लंडनबाहेर मिल्टन कीन्सला असतो, कॉम्प्युटरचं काम करतो. लग्नावरून भांडण झालं, त्यांनी त्याला सांगितलं, या घरात पाय ठेवू नकोस. अकरा वर्षं झाली. "तो माझ्यासारखा आहे," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं येऊ नको, तो येत नाही."

"तुम्ही फोन का नाही करत?" मी विचारलं. हे विचारायची मला परवानगी नव्हती.

"तो उचलेल," त्या म्हणाल्या, "आणि मग मी काय बोलू?"

ऑफिसात मी जी-३१चा कागद घेतला, बाराही ओळींवर मार्कर फिरवला आणि बारा वेळा नऊ लिहिलं. मार्करचा वास डोक्यात गेला म्हणून खिडकी उघडली, एवढं आठवतं. ज्युडिथनेही बारा वेळा नऊ लिहिलं. आमचे आकडे तंतोतंत जुळले.

वर्षअखेरीला निष्कर्ष निघाला. फ्रेंच बोलणाऱ्यांच्या भावनांभोवती शब्दांचं दाट जाळं आहे, ग्रीक बोलणाऱ्यांचं विरळ. विरळ का, तर अर्ध्याअधिक उत्तरांवर मी मार्कर फिरवला होता. मीटिंगमध्ये मी एकदा म्हटलं, "नावं गाळल्यामुळे असं दिसतंय, असं नाही का वाटत?" ज्युडिथ शांतपणे म्हणाली, "नियम तुमचाच आहे. आणि चांगला आहे. आता बदलला तर पहिल्यापासून सगळं करावं लागेल." माझं कंत्राट सप्टेंबरात संपणार होतं, त्यावर तिची सही लागणार होती. मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. निबंध छापून आला. शेवटी आभार मानलेल्यांत माझं नाव होतं, स्पेलिंग चुकलेलं. नियमाप्रमाणे मूळ उत्तरपत्रिका मशीनमध्ये घालून त्यांचे तुकडे केले, तेही मीच.

पुढच्या वर्षी एका सकाळी रिसेप्शनवरून फोन आला, की खाली एक गृहस्थ माझं नाव विचारतायत. चाळिशीचा माणूस, नीटनेटका कोट, हातात प्लास्टिकचा फोल्डर. मी त्याला वर आणलं. तो म्हणाला, "माझी आई फेब्रुवारीत गेली. स्टावरुला. तिच्या कागदांत हे सापडलं."

तो आमचा माहितीपत्रकाचा कागद होता. वर क्रमांक, जी-३१, खाली संपर्कासाठी माझं नाव. प्रत्येकीला आम्ही असा कागद देत असू, म्हणजे मन बदललं तर तिला आपली उत्तरं मागे घेता यावीत. त्याखाली त्याने आमचा निबंध छापून आणला होता. एका तळटीपेवर पिवळी खूण होती. ती तळटीपही मीच लिहिलेली: जी-३१ या व्यक्तीने बारापैकी एकाही भावनेला ग्राह्य उत्तर दिले नाही, म्हणून तिला विश्लेषणातून वगळले आहे.

"मला एवढंच विचारायचंय," आंद्रेआस म्हणाला. "एकाही नाही? म्हणजे ती गप्प बसली?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. समोर बसलेल्या माणसाचंच नाव होतं ते, सांगायला किती वेळ लागतो? पण मी कोणाच्याही उत्तराबद्दल कोणालाही सांगायचं नाही, अशी सही केलेली होती. दुसऱ्या खोलीत ज्युडिथ होती, दार उघडं होतं, आणि सप्टेंबरात माझ्या कंत्राटावर पुन्हा तिचीच सही लागणार होती. मी म्हटलं, "सॉरी, आम्हाला एकेका व्यक्तीच्या उत्तरांबद्दल बोलता येत नाही."

"मला उत्तरं नकोत. ती काही बोलली की नाही, एवढंच."

"तेही सांगता येत नाही."

त्याने निबंध परत फोल्डरमध्ये सरकवला. मग म्हणाला, "ठीक आहे. मला वाटलंच होतं. ती घरीही अशीच होती." त्याने फोल्डर बंद केला, वेळ दिल्याबद्दल आभार मानले, आणि काही लागलं तर म्हणून कार्ड ठेवून गेला. मी त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. सगळं रीतीप्रमाणे झालं.

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, तू करेक्टच वागलीस. पेशंट गेला तरी कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी संपत नाही. आमच्याकडे तर जॉब जाईल."

"अहो, पण त्याला वाटतंय की आई काहीच बोलली नाही. आणि ते मी लिहिलंय."

"मग एथिक्स कमिटीला लिही ना. प्रॉपर चॅनलने जा."

प्रॉपर चॅनलने गेले. अर्ज केला, दोन फॉर्म भरले, ज्युडिथची सही घेतली. ती सही करताना एवढंच म्हणाली, की असल्या गोष्टी मनाला लावून घेऊ नका. पाच महिन्यांनी कमिटीचं पत्र आलं. मूळ उत्तरपत्रिका नष्ट केलेल्या असल्यामुळे उघड करण्यासारखं काही शिल्लक नाही, सबब प्रश्न उद्भवत नाही. पत्र फार सभ्य होतं. ते वाचून मला जो राग आला, तो कमिटीचा नव्हता. त्या पाच महिन्यांत मी रोज सकाळी एकदा त्याचं कार्ड बघत होते आणि पत्र आलं नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकत होते. मला परवानगी नको होती, मला नकार हवा होता. तो मिळाला तेव्हा मला माझी किळस आली.

त्याच आठवड्यात मी कंत्राट पुढे न वाढवण्याचं सांगून टाकलं, आणि आंद्रेआसला फोन केला. मी यावं असं त्याला काही वाटत नव्हतं, पण तो नाही म्हणाला नाही. मिल्टन कीन्सला स्टेशनवर घ्यायला आला. गोल चौकांमागून गोल चौक घेत आम्ही एका शॉपिंग सेंटरमधल्या कॅफेत गेलो. मी पाठ करून गेले होते तसं सांगितलं: की तुमची आई गप्प बसली नव्हती. तिने बाराही शब्दांना उत्तर दिलं आणि ते उत्तर तुम्ही होतात. नाव हा शब्द धरायचा नाही असा नियम मी केला होता, म्हणून ते गाळलं गेलं. चूक माझी आहे.

त्याने साखरेची पुडी उघडली आणि तशीच ठेवली. "बाराही?"

"बाराही."

"आनंदाला?"

"आंद्रेआस."

"आणि लाजेला?"

"तेच. रागाला, किळसेलासुद्धा. आशेला पण."

"आणखी एकही शब्द नाही?"

"नाही."

तो थोडा हसला. कडवट नव्हे, समजूतदार हसू होतं ते, आणि तेच मला सहन होईना. "बारा वेळा एकच उत्तर," तो म्हणाला. "असं कोणी उत्तर देतं का?"

"देत नाही. म्हणून तर..."

"तो कागद आहे तुमच्याकडे?"

"नाही. नियमाप्रमाणे फाडावा लागला."

"दुसरं कोणी होतं तिथे?"

एलेनी होती. ती ग्रीसला परत गेली होती, विद्यापीठातला तिचा पत्ता बंद झाला होता, दुसरा माझ्याकडे नव्हता. मी तेही सांगितलं. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं, ते कसं वाटतंय ते.

"मी तुमच्या ऑफिसात आलो होतो," तो म्हणाला, "तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"नाही."

फोल्डर त्याने आणला नव्हता, पण मला तो टेबलावर दिसत होता. छापलेला निबंध, त्यातलं माझं शुद्ध इंग्रजी आणि ती पिवळी खूण. छापील कागद एकीकडे आणि पाच महिन्यांनी उगवलेली एक बाई दुसरीकडे. मी तरी त्या नोकरीत कागदाशिवाय कोणाचं काय खरं मानलं होतं?

"तुम्ही फार चांगल्या आहात," आंद्रेआस म्हणाला. "माझ्यासाठी एवढ्या लांब आलात. मला बरं वाटावं म्हणून कोणी एवढं करत नाही."

"मी बरं वाटावं म्हणून नाही सांगत. हे खरं आहे."

"हो, हो," तो म्हणाला. जवळच्या माणसाच्या मयतीला भेटायला आलेल्यांशी आपण बोलतो, त्या आवाजात म्हणाला. मग घड्याळ बघितलं, मुलीला शाळेतून आणायचं होतं. माझ्या कॉफीचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत. स्टेशनवर सोडलं, गाडीतून उतरून हात मिळवला आणि म्हणाला, "आईला तुम्ही आवडल्या असाल. ती कोणाशी बोलायची नाही, पण माणसं ओळखायची."